नैसर्गिक शिलारचनांचे विद्रूपीकरण

नैसर्गिक शिलारचनांचे विद्रूपीकरण म्हणजे उद्याने, अभयारण्ये, डोंगरकडे, नदीपात्रे अशा सार्वजनिक ठिकाणच्या खडकांना माणसाने हेतुपुरस्सर किंवा बेफिकिरीने पोहोचवलेली हानी होय. खडकावर नावे कोरणे, रंगाने मजकूर लिहिणे, जाहिराती रंगवणे, सुळके किंवा तोल सांभाळून उभ्या असलेल्या शिळा ढकलून पाडणे, स्फटिक व जीवाश्म फोडून नेणे आणि खडकाला लागून चुली पेटवणे हे तिचे नेहमी आढळणारे प्रकार आहेत. ऊन, पाऊस, वारा आणि वनस्पतींची मुळे यांमुळे होणारी खडकाची झीज ही नैसर्गिक प्रक्रिया असल्याने तिचा समावेश यात होत नाही. परवानगी घेऊन चालवलेल्या दगडखाणींचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने वेगळा आहे. मात्र शिलारचना नष्ट होण्याचे ते एक मोठे कारण असल्याने या विषयाच्या चर्चेत त्याचाही विचार केला जातो.

तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड लावता येते, पडलेली भिंत पुन्हा बांधता येते. खडकाच्या बाबतीत असा उपाय नसतो. त्याचा आकार, पृष्ठभाग आणि त्यातील पुरावा हजारो ते कोट्यवधी वर्षांत घडलेला असतो व तो पुन्हा घडवता येत नाही. असे असूनही भारतीय कायद्यात मानवनिर्मित स्मारकांना आणि वन्यजीवांना जितके स्पष्ट संरक्षण आहे, तितके न कोरलेल्या नैसर्गिक खडकाला नाही. महाराष्ट्रात, विशेषतः बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे, ही तफावत ठळकपणे दिसते.

खडकाचे स्वरूप आणि महत्त्व

महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात भूपृष्ठाला पडलेल्या भेगांमधून लाव्हारसाचे एकावर एक थर पसरत गेले आणि ते थंड होऊन हा खडक तयार झाला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर आढळतो. लाव्हा सावकाश थंड होताना आकुंचन पावल्याने काही ठिकाणी पंचकोनी किंवा षट्कोनी स्तंभ तयार झाले. लाव्हारसातून वायू निसटताना राहिलेल्या पोकळ्यांमध्ये पुढे झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ आणि अकीक यांचे स्फटिक साचले. नद्यांच्या पात्रात दगडगोटे भोवऱ्याबरोबर फिरून कातळाला खोल खळगे पडले.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील गाळाचा प्रदेश आहे, तर मध्य व दक्षिण भाग प्रामुख्याने बेसाल्टचा आहे. जिल्ह्याच्या पश्चिम भागातील धाडचा परिसर याच बेसाल्टच्या पठारी प्रदेशात, अजिंठा आणि लोणार यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात येतो. अजिंठ्याला माणसाने कातळ कोरून लेणी घडवली, तर लोणारला अवकाशातून आलेल्या पिंडाच्या आघाताने कातळात विवर पडले. खडक एकच, पण पहिल्या ठिकाणाला पुरातत्त्व कायद्याचे स्पष्ट संरक्षण आहे आणि दुसऱ्याचे संरक्षण निरनिराळ्या कायद्यांत विभागलेले आहे.

हानी कशी होते

उघड्या खडकाचा बाह्य थर आतल्या खडकापेक्षा वेगळा असतो. हवा आणि पाणी यांच्या दीर्घकालीन क्रियेमुळे त्यावर रंग बदललेली एक पातळ साल तयार होते. बेसाल्टच्या बाबतीत ती काळपट तपकिरी दिसते. या सालीवर शैवाल आणि दगडफूल यांसारखे जीव वाढतात. दगडफुलाच्या कित्येक जाती वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी वाढतात. टोकदार वस्तूने नाव कोरल्यावर ही साल फाटते आणि आतला फिकट खडक उघडा पडतो. त्यामुळे ओरखडा दुरून दिसतो, आणि त्या जागी पाणी मुरून विदारणाचा वेगही वाढू शकतो.

तैलरंग किंवा फवाऱ्याचा रंग खडकाच्या छिद्रांत शिरतो. सच्छिद्र बेसाल्ट, जांभा आणि वालुकाश्म यांतून तो पूर्णपणे काढणे अवघड असते. वाळूचा मारा केल्यास किंवा तारेच्या ब्रशने घासल्यास रंगाबरोबर खडकाची सालही निघून जाते. घाईने केलेली सफाई अशा रीतीने दुसरी हानी ठरते.

कातळाला लागून चूल किंवा शेकोटी पेटवल्यास काजळी धरतेच, शिवाय तापलेला बाह्य थर आतल्या थंड थरापेक्षा अधिक प्रसरण पावल्याने त्याचे पापुद्रे सुटतात. सुळके आणि तोल सांभाळून उभ्या असलेल्या शिळा यांचा पाया बहुधा मऊ थराच्या झिजेमुळे अरुंद झालेला असतो. त्या काही जणांच्या धक्क्यानेही कोसळू शकतात.

खडकाचे नमुने उचलून नेण्याने होणारी हानी डोळ्यांना दिसत नाही. भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने खडकाचा तुकडा कोठे, कोणत्या थरात आणि कोणत्या दिशेने पडलेला होता, ही माहिती त्या तुकड्याइतकीच महत्त्वाची असते. जागेवरून हललेला दगड शोभेची वस्तू म्हणून उरतो. त्याचे पुरावा म्हणून असलेले मोल बरेचसे संपते.

लोणार

लोणारचे विवर बेसाल्ट खडकातील आघातविवरांपैकी उत्तम स्थितीत टिकून राहिलेले विवर मानले जाते. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख असल्याचे समजले जात होते. विवरातील खडकांत मास्केलिनाइट हे तीव्र आघाताच्या दाबानेच तयार होणारे काचसदृश द्रव्य आढळले आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आघाताचे मत दृढ झाले. विवराच्या वयाबद्दल एकमत नाही: एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावरही बेसाल्टमध्ये विवरे आहेत. तेथील खडक समजून घेण्यासाठी पृथ्वीवर सहज पोहोचता येणारे उदाहरण म्हणून लोणारचा अभ्यास केला जातो.

आघाताच्या वेळी विवरातून उसळलेले दगड, चुरा आणि वितळलेल्या खडकाचे थेंब काठाबाहेर चहूबाजूंना पडले. त्यांचे आवरण काठापासून एक किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत पसरलेले आहे. विवर कसे घडले याचा बराचसा पुरावा याच आवरणात आहे. पाहणाऱ्याला ते साध्या मुरमाड जमिनीसारखे दिसते. लोणार गावाचा काही भाग आणि भोवतालची शेतजमीन याच आवरणावर आहे. नांगरट, सपाटीकरण, रस्ते, घरांचे पाये आणि मुरमाचा उपसा यांमुळे ते कमी होत जाते. यामागे खोडसाळपणा नसतो. ज्या जमिनीचे वेगळेपण कोणी सांगितलेले नाही, तिचा तो नेहमीचा वापर असतो.

लोणारला निरनिराळ्या प्रकारचे संरक्षण मिळालेले आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९७९ मध्ये विवराला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले. २००० मध्ये महाराष्ट्र शासनाने विवराचे क्षेत्र वन्यजीव अभयारण्य म्हणून अधिसूचित केले. २०२० मध्ये सरोवराचा समावेश रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाला. गावातील दैत्यसूदन मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. सरोवराच्या संवर्धनाचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही आला. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाल्यावर खंडपीठाने त्याची कारणे तपासण्याचे निर्देश दिले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा बदल झाल्याचे निष्पन्न झाले.

अशा रीतीने मंदिराला पुरातत्त्व कायदा, वन आणि प्राण्यांना वन्यजीव कायदा आणि पाण्याला पाणथळ जागांचे नियम लागू होतात. या सर्वांना कारण असलेल्या आघाताचा खडक अभयारण्याच्या हद्दीत असेल तेथवर वनविभागाच्या अखत्यारीत येतो. हद्दीबाहेरील आवरणाला भूवैज्ञानिक स्मारक हा गौरव लाभला असला, तरी त्या घोषणेमागे शिक्षेची तरतूद असलेला स्वतंत्र कायदा नाही.

महाराष्ट्रातील इतर स्थळे

गिल्बर्ट हिल: मुंबईत अंधेरी येथे असलेला हा बेसाल्टच्या स्तंभांचा कडा सुमारे ६१ मीटर उंच आहे. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. भोवतालचा खडक दगडखाणींसाठी फोडला गेल्याने हा कडा आता एकटाच उभा दिसतो आणि त्याच्या पायथ्यापर्यंत दाट वस्ती आली आहे. २००७ मध्ये त्याला बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या वारसास्थळांच्या यादीत दुसऱ्या श्रेणीचे स्थान मिळाले.

निघोज: अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. पर्यटक थेट कातळावरून चालत असल्याने अशा ठिकाणी पाटी, कठडा आणि देखरेख यांना विशेष महत्त्व येते.

कोकणातील सडे: रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्याच्या सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. चिरेखाणी, रस्ते आणि बांधकामे यांमुळे या सड्यांना धोका आहे. येथे नैसर्गिक खडक आणि त्यावरील मानवी कृती वेगळ्या काढता येत नाहीत; सडा गेला की शिल्पही जाते.

अजिंठा: येथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एका स्तंभावर जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ या दिनांकासह आपले नाव कोरले आहे. त्या काळी लेण्यात साचलेल्या ढिगाऱ्यावर तो उभा असल्याने हे नाव आज माणसाच्या उंचीपेक्षा वर दिसते. हे विद्रूपीकरण नैसर्गिक शिळेचे नसून चित्रित स्तंभाचे आहे. तथापि, प्रवाशाने आपल्या भेटीची खूण दगडावर ठेवण्याच्या सवयीचे ते दिनांकासह उपलब्ध असलेले जुने उदाहरण आहे.

कोरीव खूण: वारसा की विद्रूपीकरण

कातळशिल्पे, लेण्यांतील दानलेख आणि वाटेवरील शिलालेख हेही एकेकाळी माणसाने खडकावर केलेले कोरीवकाम होते. मग आजच्या नावांनाच विद्रूपीकरण का म्हणावे, असा प्रश्न विचारला जातो. जुन्या लेखांतून लिपी, भाषा, दान, व्यापार आणि श्रद्धा यांची अन्यत्र न मिळणारी माहिती मिळते, हे त्याचे एक उत्तर आहे. दुसरे उत्तर संख्येशी संबंधित आहे. एका स्थळाला वर्षाला हजारो लोक भेट देऊ लागले आणि त्यांपैकी थोड्यांनीही नावे कोरली, तर काही वर्षांत मूळ पृष्ठभाग शिल्लक राहत नाही. शिवाय संरक्षित क्षेत्रातील खडक हा सर्वांचा ठेवा असल्याने त्यावर कायमची खूण करण्याचा अधिकार कोणा एकाला नसतो. यामुळेच जुन्या खुणांची नोंद करून त्या जपणे आणि नव्या खुणांना प्रतिबंध करणे असे दुहेरी धोरण बहुतेक ठिकाणी स्वीकारले जाते.

महाराष्ट्रात शिळांना शेंदूर लावून म्हसोबा, मारुती किंवा ग्रामदैवत म्हणून पूजण्याची परंपरा जुनी आहे. तिचा विचार विद्रूपीकरणाच्या सदरात सरसकट करता येत नाही. पूजेतील शिळेला गावाकडून राखण मिळते आणि ती फोडण्यास सहसा कोणी धजत नाही. मात्र अशा शिळेभोवती नंतर उभे राहणारे काँक्रीटचे ओटे, फरशा आणि तैलरंग यांमुळे मूळ खडक झाकला जातो. याबाबतचे निर्णय स्थानिक लोकांना सोबत घेऊनच टिकतात.

भारतातील आणि इतर देशांतील घटना

२००२ मध्ये हिमाचल प्रदेशातील मनाली–रोहतांग मार्गावरील खडकांवर शीतपेय कंपन्यांच्या व इतर जाहिराती रंगवल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेऊन संबंधितांना नोटिसा बजावल्या. नैसर्गिक खडक ही जाहिरातीची मोकळी जागा नव्हे, हा मुद्दा या प्रकरणाने देशपातळीवर आणला.

ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्याच्या गॉब्लिन व्हॅली उद्यानात एका स्काउट गटाच्या प्रौढ मार्गदर्शकांनी वालुकाश्माचा एक सुळका ढकलून पाडला आणि त्याचे चित्रीकरण प्रसारित केले. शिळा मुलांच्या अंगावर पडेल अशी भीती वाटल्याचे त्यांचे म्हणणे होते. २०१४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. त्याच वर्षी अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय उद्यानांतील खडकांवर ॲक्रिलिक रंगाने चित्रे काढणारी एक व्यक्ती तिने स्वतः समाजमाध्यमांवर टाकलेल्या छायाचित्रांमुळे सापडली. २०१६ मध्ये तिला परिवीक्षा आणि समाजसेवेची शिक्षा झाली. २०१६ मध्येच ओरेगॉन राज्यातील केप किवांडा येथील बदकाच्या चोचीसारखी दिसणारी प्रसिद्ध शिळा काही जणांनी पाडली. सुरुवातीला ती आपोआप पडली असे समजले गेले होते. एका पर्यटकाच्या चित्रफितीने खरा प्रकार उघड झाला.

कायदेशीर तरतुदी

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ नुसार संरक्षित स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा लेणी, शिलाशिल्पे आणि शिलालेख यांना लागू होतो. न कोरलेला खडक त्यात आपोआप येत नाही.

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये वनातील खडक आणि खनिजे यांचा वनोपजात समावेश आहे. राखीव वनातून परवानगीशिवाय दगड काढणे हा त्यानुसार गुन्हा ठरतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांतील प्रवेश व अधिवासाची हानी यांचे नियमन करतो. मात्र शिळेवर नाव रंगवणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा म्हणून नमूद नाही. असे प्रकार इतर तरतुदींखाली हाताळावे लागतात.

भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील कलम ३२४ आगळीक, म्हणजे मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान, या गुन्ह्याविषयी आहे. त्यात नुकसानीच्या रकमेनुसार शिक्षा वाढत जाते. खिडकी किंवा वाहनाची किंमत सांगता येते. कातळाच्या सालीची किंवा पडलेल्या सुळक्याची किंमत कोणत्या आधारे ठरवावी, हा प्रश्न येथे उभा राहतो.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. वारसा स्थळांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करण्याचे विधेयक २००९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, परंतु पुढे ते मागे घेतले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनासाठीच्या विधेयकाचा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. स्थळे घोषित करणे, त्यांचे जतन करणे आणि नासधुशीला शिक्षा करणे अशा तरतुदी त्यात होत्या. सर्व अधिकार एकाच शासकीय संस्थेकडे एकवटल्याबद्दल काही संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतले.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे आणि सार्वजनिक मालमत्ता सुरक्षित ठेवणे ही नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. १९७२ च्या जागतिक वारसा करारात नैसर्गिक वारशाच्या व्याख्येत भूवैज्ञानिक रचनांचा स्पष्ट उल्लेख आहे.

सफाई आणि दुरुस्ती

विद्रूप झालेल्या खडकाच्या सफाईत पहिली पायरी नोंद करण्याची असते: छायाचित्रे, मोजमापे, रंगाचा प्रकार आणि खालच्या पृष्ठभागाची स्थिती. त्यानंतर सहज नजरेस न येणाऱ्या छोट्या जागी चाचणी घेतली जाते. सौम्य उपायापासून सुरुवात करतात. आधी कोरडा मऊ ब्रश, मग पाणी, आणि आवश्यक असल्यास चिकणमाती किंवा कागदाच्या लगद्यात द्रावक मिसळून केलेला लेप. लेप सुकताना छिद्रांतील रंग शोषून घेतो. ॲसिड, तारेचे ब्रश आणि वाळूचा मारा टाळले जातात. कोरलेल्या अक्षरांवर पूर्ण उपाय नसतो; फिकट ओरखडा भोवतालच्या खडकाशी जुळणाऱ्या रंगाने सौम्य करता येतो इतकेच. पाडलेला सुळका सिमेंटने पुन्हा उभा केल्यास तो नैसर्गिक रचना राहत नाही, म्हणून बहुधा तसे केले जात नाही.

गडकोटांवर व डोंगरांवर स्वच्छता मोहिमा राबवणाऱ्या गटांनी रंग काढण्याचे काम वनविभाग किंवा पुरातत्त्व विभागाच्या परवानगीने आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करणे इष्ट असते.

प्रतिबंध

एका नावाशेजारी दुसरे नाव लवकर लिहिले जाते. त्यामुळे नवी खूण सुरक्षितपणे शक्य तितक्या लवकर पुसणे हा प्रतिबंधाचा महत्त्वाचा भाग मानला जातो. ठरावीक पायवाटा, चुलींसाठी वेगळ्या जागा, प्रशिक्षित स्थानिक वाटाडे आणि रंग व हत्यारे नेण्यास मनाई हे इतर उपाय आहेत. केवळ दंडाची रक्कम सांगणाऱ्या पाटीपेक्षा खडक कसा घडला हे मराठीत सोप्या शब्दांत सांगणारी पाटी पाहणाऱ्याला त्या मनाईचे कारण समजावते.

युनेस्कोने ६ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन म्हणून घोषित केला आहे. शाळा व महाविद्यालयांच्या सहलींत त्या निमित्ताने जवळच्या कातळाचा अभ्यास करता येतो. लोणारसारख्या ठिकाणी अशी माहिती विशेष आवश्यक आहे, कारण तेथील सर्वांत मोलाचा पुरावा कड्यासारखा उठून दिसत नाही. तो शेताच्या बांधात आणि रस्त्याकडेच्या मुरमात आहे, आणि त्याचे राहणे बऱ्याच अंशी त्या जमिनीवर वावरणाऱ्यांना तो ओळखता येण्यावर अवलंबून आहे.